शेजारच्या आजींना युक्रेनियन टीव्ही लावून द्यायचाय, छत्री कुठे वळवू?

लाइपझिगकर | ९ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, विषय जरा वेगळा आहे, पण इथे छत्री-डिशवाले बरेच आहेत म्हणून विचारतो.

मी जर्मनीत लाइपझिगला भाड्याच्या घरात राहतो. समोरच्या दारात खार्किवहून आलेलं कुटुंब आहे. आजी, सून आणि बारा वर्षांची नात. सून कामावर, नात शाळेत, आजी दिवसभर एकट्या. त्यांना युक्रेनियन भाषेतला टीव्ही हवाय. सून म्हणते, मोबाइलवर सगळं दिसतं की. पण आजींनी मोबाइलला बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडतं आणि नात शाळेतून येईपर्यंत ते तसंच राहतं. त्यांना रिमोट हवा. बटण दाबलं, माणूस बोलायला लागला, संपलं.

गेल्या आठवड्यात कोणीतरी ८० सेंटिमीटरची जुनी डिश 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून रस्त्यावर ठेवली होती, ती उचलून आणली. (इकडे पद्धत आहे, नाकं मुरडू नका.) एलएनबी (छत्रीसमोरचं सिग्नल पकडणारं डोकं) आणि बॉक्स विकत घेतला. आजींची बाल्कनी दक्षिणेकडे, दुसऱ्या मजल्यावर. खाली अंगणात लिंडेनचं मोठं झाड आहे, पण सध्या त्याच्या नुसत्या काड्या आहेत.

तर कुठला उपग्रह पकडू आणि छत्री कुठे वळवू? मी सॉफ्टवेअरवाला. मी पान्हा हातात घेतला की बायको दुसऱ्या खोलीत निघून जाते.

छत्रीवाला_सांगली | ९ मार्च, रात्री १०:१५ (म्हणजे माझे पहाटेचे पावणेतीन, झोप येत नाही)

धागा आवडला. आम्ही ९३ पासून केबलच्या धंद्यात, आता पोरगा इंटरनेटच्या तारा ओढतो आणि आम्ही फ्री डिश लावून देतो.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. इकडे डीडी फ्री डिशसाठी आम्ही ९३.५ अंश पूर्वेचा जीसॅट-१५ पकडतो (हा आकडा म्हणजे उपग्रह ज्या रेखांशावर उभा आहे तो). पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ५९ अंश वर. छत्री चांगली आभाळाकडे तोंड करून बसते. तुमच्याकडे सगळे उपग्रह खाली, ३० अंशांच्या आसपास. त्यात ही ऑफसेट डिश, म्हणजे तिला स्वतःचाच पंचवीस-एक अंशांचा कल असतो. म्हणून तुमची छत्री जवळपास भिंतीसारखी उभी दिसेल. 'ही तर समोरच्या खिडकीत बघतेय' असं वाटलं तरी घाबरू नका, ती आभाळातच बघत असते.

झाड किती उंच आणि किती लांब ते कळवा.

बग_फिक्सर | ९ मार्च, रात्री १०:५०

एवढा खटाटोप कशाला? टीव्हीला इंटरनेटची काडी (स्टिक) लावा, यूट्यूबवर सस्पिल्ने या युक्रेनच्या सार्वजनिक प्रसारकाचं थेट प्रक्षेपण चालू करून द्या. २० मिनिटांचं काम. हलकेच घ्या.

लाइपझिगकर | १० मार्च, सकाळी ७:३०

बग_फिक्सर, तेच आधी केलं होतं. थेट प्रक्षेपण तुटलं की यूट्यूब स्वतःहून पुढचं काहीतरी लावतं. एकदा आजी तासभर कोणाचा तरी ट्रॅक्टर दुरुस्तीचा व्हिडिओ बघत बसल्या होत्या, कारण बंद कसा करायचा ते कळेना. दुसरं म्हणजे त्यांचं इंटरनेट सुनेच्या मोबाइलवरून येतं. ती कामावर गेली की इंटरनेटही कामावर.

छत्रीवाला काका, झाड साधारण पाच मजली इमारतीएवढं. बाल्कनीपासून बारा मीटरवर असेल.

निशिगंधा_व्रोत्सवाफ | १० मार्च, सकाळी ९:०५

मी पोलंडमध्ये असते, ऑफिसातल्या दोन युक्रेनियन मैत्रिणींकडे हेच लावलंय, म्हणून लिहिते.

युक्रेनमध्ये घरोघरी 'तीन डोक्यांची' डिश असायची. मधल्या डोक्याला ४.८ अंश पूर्वेचा अॅस्ट्रा ४ए (जुनी माणसं अजून 'सिरियस'च म्हणतात), एका बाजूला १३ अंश पूर्वेचा हॉटबर्ड आणि दुसऱ्या बाजूला ४ अंश पश्चिमेचा इस्रायली आमोस. ४.८ मध्ये का, तर तिथून हॉटबर्ड आठ-नऊ अंश एकीकडे आणि आमोस तेवढाच दुसरीकडे. देवानेच आखून दिल्यासारखं.

जाता जाता एक गंमत. अॅस्ट्रा ४ए नोव्हेंबर २००७ मध्ये रशियन प्रोटॉन अग्निबाणाने वर गेला. आमोस-३ एप्रिल २००८ मध्ये झेनितने गेला आणि झेनित बनायचा युक्रेनमधल्या द्निप्रो शहरातल्या कारखान्यात. दोन्ही उड्डाणं बैकोनूरहून. तेव्हा कोणाला माहीत होतं!

कामाचं सांगायचं तर, जानेवारी २०२० मध्ये तिथल्या मोठ्या खाजगी वाहिन्यांच्या गटांनी उपग्रहावरच्या सिग्नलला कुलूप घातलं आणि पैसे भरून बघा म्हणाले. खेड्यापाड्यातली माणसं वैतागली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा त्यांनीच कुलपं काढली. सार्वजनिक प्रसारक सस्पिल्नेने मात्र आपल्या वाहिन्या २०२० मध्येही उघड्याच ठेवल्या होत्या. आजींसाठी त्यांचं 'पेर्शी' म्हणजे पहिलं चॅनल शोधा, ४.८ वर.

फ्रिक्वेन्सी इथे कोणालाही विचारू नका. वर्षात दोनदा बदलतात आणि धाग्यातली जुनी माहिती बघून माणसं आठवडाभर छत्री हलवत बसतात. लावायच्या दिवशी किंगऑफसॅट किंवा लिंगसॅट या संकेतस्थळांवर बघा.

डॉ_मिरजकर | १० मार्च, दुपारी १:२०

विनित्सियाला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला होतो, मार्च २०२२ मध्ये ऑपरेशन गंगातून परत आलो. पुढचं शिक्षण दुसरीकडे पूर्ण केलं. धाग्याचं नाव वाचून पोटात कालवलं.

तिकडे डिशला 'तारिल्का' म्हणतात, म्हणजे ताटली. जर्मन लोक 'श्युसल' म्हणतात ना, म्हणजे वाडगा? आपण छत्री म्हणतो. पाऊस कोणाच्या देशात जास्त ते यावरून कळतं.

लाइपझिगकर, एक सांगतो. खार्किवची जुनी माणसं घरात बहुधा रशियन बोलत आलेली असतात. २०१७ च्या कायद्याने तिथल्या राष्ट्रीय वाहिन्यांवर ७५ टक्के कार्यक्रम युक्रेनियनमध्ये करणं बंधनकारक झालं, तेव्हा कुरकुर करणारेही होते. २०२२ नंतर अनेकांनी ठरवून भाषा बदलली. सत्तरीत भाषा बदलायची म्हणजे कानावर सतत पडायला हवी. आजींना 'युक्रेनियनमधलाच' टीव्ही हवाय त्यामागे हे असू शकेल. विचारून बघा, पण जपून.

आणि बॉक्स घेताना चॅनलची नावं सिरिलिकमध्ये नीट दाखवतो का बघा. स्वस्तातले काही बॉक्स नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं दाखवतात.

लाइपझिगकर | १० मार्च, रात्री ८:१०

डॉक्टर, विचारलं नाही, पण नातीने आपणहून सांगितलं. आजी शाळेत भूगोल शिकवायच्या, तोही रशियनमधून. आता वहीत युक्रेनियन शब्द लिहून ठेवतात. टीव्हीवर ऐकलेला नवा शब्द आला की वहीत, आणि संध्याकाळी नातीची परीक्षा. नात वैतागलीय.

कायद्याचं_बोला | १० मार्च, रात्री ९:००

मी श्टुटगार्टला, वकील नाही, पण याच कारणावरून घरमालकाशी पत्रापत्री केलेली आहे. भिंतीला भोक पाडण्याआधी हे वाचा.

इथल्या घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी १९९४ मध्ये एका तुर्की भाडेकरूच्या प्रकरणात सांगितलं की परदेशी माणसाला मायदेशाच्या बातम्या मिळवण्याचा हक्क आहे आणि घरमालकाच्या मालमत्तेच्या हक्काशी तो तोलून बघायला हवा. म्हणजे 'छत्री नको' एवढं म्हणून मालकाला सुटता येत नाही. पण हल्ली इंटरनेटवर तेच चॅनल मिळतं म्हटल्यावर न्यायालयं पूर्वीइतकी भाडेकरूच्या बाजूने झुकत नाहीत. शहाणपणाचा मार्ग असा: भोक पाडू नका, बाल्कनीत जमिनीवर स्टँड ठेवा, त्यावर चार फरशा वजनाला, छत्री कठड्याच्या वर डोकावणार नाही अशी. अशा छत्रीला सहसा कोणी हरकत घेत नाही.

अर्थिंगचं कोणीतरी विचारेलच. छत्री छपराच्या कडेपासून निदान दोन मीटर खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर विजेसाठी वेगळं अर्थिंग लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी त्यात बसते.

आणि केबल आत नेण्यासाठी खिडकीच्या फटीतून जाणारी चपटी पट्टी मिळते. तीच घ्या.

लाइपझिगकर | १५ मार्च, संध्याकाळी ६:३०

आज मुहूर्त केला आणि तोंडावर पडलो.

स्टँड ठेवला, बांधकामाच्या दुकानातून चार फरशा आणल्या. मग डोकं लढवलं की आजूबाजूच्या इमारतींवर पंचवीस-तीस छत्र्या आहेत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, तर आपलीही तिकडेच करू. केली. दहा मिनिटांत सिग्नल, पट्टी ९० च्या पुढे. स्कॅन केलं. जर्मन चॅनलांची रांग! झेडडीएफ, आरटीएल, आणि खरेदीची सतरा-अठरा. आजी सोफ्यावर वही घेऊन बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेनाचं टोपण लावलं.

बाजारातला शिट्टी वाजवणारा सिग्नल मीटरही आणला होता, तो तर सगळीकडेच वाजतो.

छत्रीवाला_सांगली | १५ मार्च, संध्याकाळी ७:००

वाजणारच! त्याला कुठलाही उपग्रह चालतो. तो सांगतो 'काहीतरी आहे', कोण आहे ते सांगत नाही. तो ठेवा बाजूला. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे बघायचंच नाही, ती एलएनबीला नुसती वीज मिळाली तरी वर जाते. क्वालिटी हलली तरच काम झालं.

आता तुमची चूकच तुमच्या कामाला येणार आहे. तुम्ही जे पकडलंत तो १९.२ पूर्वेचा अॅस्ट्रा, सगळी जर्मनी तोच बघते. कागदावर गणित केलं. लाइपझिगहून १९.२ दिसतो (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून) १७१ अंशांवर आणि ४.८ दिसतो १९० च्या किंचित अलीकडे. फरक १८ अंश, पश्चिमेकडे, म्हणजे बाहेर तोंड करून उभं राहिलात तर उजवीकडे. आणि मजा अशी की दोघांची उंची जवळजवळ सारखीच, ३१ अंशांच्या जरा खाली. वर-खालीच्या नटाला हात लावू नका! फक्त गळ्याचे दोन नट सैल करा आणि आडवी फिरवा.

१८ अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर तीन मिनिटं. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे दोन मुठींना थोडं कमी.

फिरवताना वाटेत भेटतील ते मोजत चला: १६, १३, १०, ९, ७ आणि मग ४.८. इटलीचं राई दिसलं की समजा १३ वर हॉटबर्डपाशी आलात, निम्म्याच्या जरा अलीकडे. आधी ४.८ चा एक चालू ट्रान्सपाँडर (म्हणजे त्याच्यावरची एक प्रसारण वाट) बॉक्समध्ये भरून ठेवा आणि क्वालिटीची पट्टी समोर ठेवा. बोटभर सरकवा, तीन श्वास थांबा, परत बोटभर. नवा सिग्नल पकडायला बॉक्सला वेळ लागतो. घाई करणारा माणूस उपग्रहावरून तीनदा जातो आणि त्याला पत्ता नसतो.

एलएनबी त्याच्या पकडीत किंचित फिरवावाही लागेल. मागे उभं राहून छत्रीच्याच दिशेने बघितलं की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सहा अंश, म्हणजे तबकडीवर एक मिनिट.

निशिगंधा_व्रोत्सवाफ | १५ मार्च, संध्याकाळी ७:४०

होकायंत्र वापरणार असाल तर बाल्कनीच्या लोखंडी कठड्यापासून लांब धरा, माझं पंधरा अंश चुकलं होतं. मोबाइलमधलं तर विचारूच नका.

त्यापेक्षा सूर्य वापरा. सध्या, मार्चच्या मध्याला, लाइपझिगला सूर्य १२:२० च्या सुमाराला बरोबर दक्षिणेला येतो. १२:५० च्या आसपास तो ४.८ च्या दिशेवर असतो, फक्त उपग्रहापेक्षा थोडा वर. त्या वेळी एलएनबीच्या दांड्याची सावली छत्रीच्या बरोब्बर मधोमध पडेल अशी फिरवून ठेवा. अर्ध्या अंशाचं काम नंतर हाताने.

लाइपझिगकर | १६ मार्च, दुपारी ३:५५

झालं!!!

सविस्तर सांगतो, कारण मध्ये अजून एक घोळ झाला. सूर्य होता. १२:५० ला सावली मधोमध आणली, नात मोबाइलमध्ये वेळ बघून मोठ्याने आकडे म्हणत होती. बॉक्स लावला तर पडद्यावर 'एलएनबी शॉर्ट'. पट्टी शून्य. परत सगळं सोडलं. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर मी स्वतः बसवला होता. बाहेरच्या जाळीचा एक केस, अक्षरशः एक केस, आतल्या तांब्याच्या तारेला टेकला होता. आजींनी चष्मा वर करून तो बघितला आणि शिवणकामाच्या डब्यातली छोटी कात्री आणून दिली.

कापला. लावला. दोन बोटं उजवीकडे... क्वालिटी ०, ०, ०, ३८, ६१. नट आवळताना ४० वर घसरली, परत सैल केलं, उलट्या बाजूने आवळलं, ६८ वर थांबली. स्कॅन. यादीत पहिल्यांदा सिरिलिक अक्षरं आली तेव्हा नातीने वाचायला सुरुवात केली आणि 'पेर्शी' म्हणाल्याबरोबर आजींनी तिच्या हातातला रिमोट काढून घेतला.

हवामान चालू होतं. आजी नकाशासमोर उभ्या राहून खार्किववर बोट ठेवून म्हणाल्या, प्लस सहा. मग आम्हा दोघांकडे बघून पुन्हा एकदा, प्लस सहा.

छत्रीवाला_सांगली | १६ मार्च, दुपारी ४:२०

शाब्बास! आता नट आवळून झाल्यावर त्यावर पेनाने खूण करा, उद्या वाऱ्याने हलली तर कळेल. आणि कनेक्टरपाशी केबलला खाली झोल द्या, पाणी झोलावरून गळून जाईल, बॉक्सपर्यंत चालत येणार नाही.

एकाच उपग्रहावर विसंबू नका. दुसरा एलएनबी आणि डायसेक स्विच (दोन एलएनबींमध्ये अदलाबदल करणारा) घ्या, हॉटबर्डही धरून ठेवा. चॅनलं हलतात. दुसरा एलएनबी कुठे, यात सगळे चुकतात. छत्रीच्या मागे उभं राहिलं की हॉटबर्ड आभाळात ४.८ च्या डावीकडे आहे, म्हणून त्याचा एलएनबी बसणार उजवीकडे. आरशासारखं उलटं. ८० च्या छत्रीवर मधल्यापासून साधारण नऊ-दहा सेंटिमीटर.

लाइपझिगकर | २३ मार्च, रात्री ९:१५

दुसरा एलएनबी लागला, हॉटबर्डही आला. काका, साष्टांग.

एक बघितलेलं सांगतो. काल सकाळी आठच्या जरा आधी काहीतरी द्यायला गेलो होतो. टीव्ही चालू. आठ वाजले तसा पडद्यावरचा आवाज थांबला आणि टिक-टिक सुरू झाली. आजी हातातली बशी टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. मीही दारात उभा. मिनिटभराने बातम्या परत सुरू झाल्या, आजींनी बशी उचलली.

डॉ_मिरजकर | २३ मार्च, रात्री १०:००

तिकडचे नऊ वाजलेले असतात तेव्हा. मार्च २०२२ पासून राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने रोज सकाळी नऊला मिनिटभर शांतता पाळतात, गेलेल्यांसाठी. माझा तिथला रूममेट अजून व्हिडिओ कॉलवर असला तरी नऊला गप्प होतो.

बग_फिक्सर | २४ मार्च, सकाळी ८:४०

माझे 'यूट्यूब लावा' मागे घेतो.

एक प्रामाणिक शंका: हे पुण्यातून दिसेल का? घरी मोठी डिश आहे.

छत्रीवाला_सांगली | २४ मार्च, सकाळी ९:३०

पुण्यातून ४.८ क्षितिजाच्या फक्त ११ अंश वर, पश्चिमेला. मधल्या इमारती पाडल्या तरी उपयोग नाही, त्याचा बीम युरोपकडे वळवलेला आहे. दिवा शेजारच्या अंगणात लावलेला असेल तर आपल्या घरात उजेड किती पडणार?

लाइपझिगकर | २९ एप्रिल, रात्री ८:५०

मंडळी, धागा वर काढतोय. आठवडाभर सिग्नल कमी-कमी होत गेला आणि परवापासून गेलाच. ४.८ वर क्वालिटी १५ ते ०, हॉटबर्डवर शून्य. नटांवरच्या खुणा जागच्या जागी आहेत. केबल तपासली. आजी म्हणतात, 'ते' करतायत. खरंच असं करता येतं?

निशिगंधा_व्रोत्सवाफ | २९ एप्रिल, रात्री ९:२०

करता येतं आणि केलेलंही आहे, आजी उगाच म्हणत नाहीत. २०२४ च्या ९ मे रोजी अॅस्ट्रा ४ए वरच्या युक्रेनियन वाहिन्यांवर अचानक मॉस्कोची विजयदिनाची परेड दिसायला लागली होती. त्याच वर्षी २८ मार्चला नेदरलँड्समध्ये तान्ह्या मुलांच्या बेबीटीव्हीवर मध्येच रशियन प्रचाराचे व्हिडिओ आले. २०२४ च्या मध्याला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या रेडिओ नियमन मंडळाने रशियाला हे थांबवायला सांगितलं.

होतं असं की हा उपग्रह म्हणजे ३६ हजार किलोमीटरवरचा आरसा. जमिनीवरून त्याच्याकडे जो सिग्नल येतो तोच तो खाली परत पाठवतो, कोणी पाठवला ते तपासत नाही. कोणी जमिनीवरून त्याच फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीचा सिग्नल वर फेकला तर आरशात त्याचंच तोंड दिसतं. आपल्या छत्रीवर त्याला काही इलाज नाही.

छत्रीवाला_सांगली | २९ एप्रिल, रात्री ९:५०

सगळं खरं, पण हे ते नाही. कोणी गडबड केली तर एका उपग्रहावरचे एक-दोन ट्रान्सपाँडर जातात, बाकीचे ठणठणीत असतात. तुमचे दोन वेगळे उपग्रह एकदम, आणि तेही हळूहळू गेलेत. म्हणजे चोर घरातच आहे.

लाइपझिगकर, बाल्कनीत जा आणि समोर बघा. लिंडेनला पानं फुटली का?

लाइपझिगकर | २९ एप्रिल, रात्री ९:५८

...

लाइपझिगकर | २९ एप्रिल, रात्री १०:०४

हिरवंगार. आज पाऊसही होता.

छत्रीवाला_सांगली | २९ एप्रिल, रात्री १०:१०

ओल्या पानांची भिंत. मार्चमध्ये काड्यांच्या फटीतून येत होता. झाड किती उंच विचारलं होतं, तुम्ही उत्तर दिलंत आणि मीच पुढे विसरलो, माझीही चूक. ३१ अंशांवर बघायचं तर झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या पावणेदोनपट लांब असायला हवं. दहा मीटर उंच असेल तर सतरा मीटर. तुमचं झाड छत्रीपेक्षा नऊ मीटर वर असेल तर पंधरा-सोळा मीटर लांब हवं होतं, ते आहे बारावर.

झाड तोडा असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, छत्री हलवा. बाल्कनी किती रुंद?

कायद्याचं_बोला | २९ एप्रिल, रात्री १०:३०

झाडाला हात लावू नका, फांदीलाही नाही. शहरातल्या झाडांचे इथले नियम छत्रीच्या नियमांपेक्षा कडक आहेत.

लाइपझिगकर | ३ मे, दुपारी २:४५

बाल्कनी चार मीटर रुंद. फरशांसकट स्टँड अडीच मीटर उजवीकडे, पश्चिमेच्या टोकाला नेला. तिथून ४.८ ची दिशा झाडाच्या शेंड्याच्या बाजूने, मोकळ्या आभाळातून जाते. क्वालिटी ७१, पहिल्यापेक्षाही बरी. हॉटबर्ड मात्र अजून पानांच्या आडच आहे, तो डावीकडे पडतो ना. नातीने रिमोटवर चिकटपट्टी लावून त्याच्या बटणावर 'हिवाळा' लिहिलंय.

आजींनी 'ते करतायत' हे मागे घेतलेलं नाही. म्हणाल्या, या वेळी झाड होतं.

निशिगंधा_व्रोत्सवाफ | ३ मे, दुपारी ३:३०

आणि त्यांना सांगा, रशियाने खार्किवच्या टीव्ही मनोऱ्याचा वरचा भाग २२ एप्रिल २०२४ ला पाडला तेव्हा तिथल्या अँटेनावाल्यांचा टीव्ही गेला, तारिल्कावाल्यांचा चालू होता.

लाइपझिगकर | ३ मे, दुपारी ४:००

त्यांना माहीत आहे. बहीण अजून तिथेच असते, सातव्या मजल्यावर, तीन डोक्यांची तारिल्का आहे तिच्याकडे.

लाइपझिगकर | १२ ऑक्टोबर, दुपारी २:१०

धागा बंद करण्याआधी एक शेवटची शंका, तिचं उत्तर मला आता मिळालंय, पण पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

तीन दिवस रोज दुपारी दीडच्या सुमाराला चित्र काही मिनिटं फुटतं आणि मग आपोआप नीट होतं. आज त्या वेळी मुद्दाम बाल्कनीत जाऊन बघितलं. आभाळ स्वच्छ, झाड निम्मं गळलेलं, आणि एलएनबीची सावली छत्रीच्या बरोब्बर मधोमध. निशिगंधाताई, तुमची मार्चमधली सावली! तेव्हा सूर्य उपग्रहाच्या वर होता, आता खाली येऊन थेट त्याच्या मागे उभा राहिलाय, आणि त्याच्या गोंगाटापुढे बिचाऱ्या उपग्रहाचं कोण ऐकणार.

आजींना समजावायला नातीला बोलावलं, पण गरज पडली नाही. भूगोलाच्या बाई आहेत. वहीत मागच्या पानावर त्यांनी तीन दिवसांच्या वेळा आधीच लिहून ठेवल्या होत्या, शेजारी सूर्य, उपग्रह आणि एका बाल्कनीची आकृती काढलेली. झाडसुद्धा.

छत्रीवाला_सांगली | १२ ऑक्टोबर, दुपारी २:२५

अजून दोन-तीन दिवस चालेल. फेब्रुवारी संपता-संपता परत येईल, तेव्हा वहीतलं पान जपून ठेवायला सांगा. आणि पानं पूर्ण गळाली की 'हिवाळा' बटण दाबून बघा, हॉटबर्ड आला का ते कळवा.